पोरखेळ की म्हातारचळ? मॉडेल रेल्वेच्या छंदावर बसलेले वयाचे शिक्के

खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती उभारायची, रूळ टाकायचे, स्थानक, बोगदा, सिग्नल, आजूबाजूची घरेदारे बसवायची आणि त्यातून वेळापत्रकानुसार गाड्या चालवायच्या, या छंदाला मॉडेल रेल्वे म्हणतात. या छंदाबद्दल लोकांच्या मनात दोन समज घट्ट बसलेले आहेत. पहिला असा, की हा पोरखेळ आहे आणि कर्त्या माणसाला तो शोभत नाही. दुसरा असा, की हा निवृत्त आजोबांचा विरंगुळा आहे आणि तरुणांनी त्यात पडण्याचे काही कारण नाही. हे दोन्ही समज एकाच वेळी खरे असणे कठीण आहे, तरीही एकच माणूस एकाच गप्पांच्या ओघात दोन्ही बोलून जातो आणि त्यात काही विसंगत आहे असे त्याला वाटत नाही. आठव्या वर्षापर्यंत ठीक, साठीनंतरही ठीक, मधली पन्नास वर्षे मात्र निषिद्ध, असा हा हिशेब आहे. तो कुठून आला, त्यात तथ्य किती आणि त्याचा छंदावर परिणाम काय होतो, हे समजून घेण्यासाठी रेल्वेइतकेच समाजशास्त्रातही थोडे डोकवावे लागते.

आधी छंदाचे स्वरूप पाहू, कारण बहुतेक गैरसमज गाडी रुळांवर गोल गोल फिरते एवढेच पाहून झालेले असतात. सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ या मापात सर्व काही खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे असते. म्हणजे फलाटावर उभा असलेला पावणेदोन मीटर उंचीचा माणूस तिथे जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. एन या मापात प्रमाण १:१६० आणि दोन रुळांतील अंतर ९ मिलिमीटर असते. या मापांत काम करणे म्हणजे काय, हे रुळांखालच्या खडीवरून कळते. बारीक दगडी कणी स्लीपरच्या मधल्या जागेत पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्यावरचे आणि रुळाच्या कडेला अडकलेले कण खाली सारायचे, मग पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंबभर अंश मिसळून त्याचा हलका फवारा मारायचा. साबणामुळे पाणी थेंब धरून बसत नाही, आणि त्यानंतर ड्रॉपरने सोडलेला पातळ पांढरा गोंद कण न हलवता थेट खाली झिरपतो. घाई करून फवारा न मारताच गोंद सोडला, तर खडीचे गोळे होतात. सांध्यापाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तिथे, तर विशेष जपावे लागते, कारण हलणाऱ्या पात्याखाली गोंद शिरला की पाते जागेवरच चिकटते आणि दुसऱ्या दिवशी तेवढा भाग उखडून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एवढे सगळे करून हातभर लांबीचा रूळमार्ग तयार होतो. याला पोरखेळ म्हणणाऱ्याने ही खडी एकदा स्वतः पसरून पाहावी.

कायद्यानेही ही सीमारेषा आखलेली आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. युरोपीय संघाच्या २००९ सालच्या खेळणी सुरक्षा निर्देशात, चौदा वर्षे आणि त्यापुढील संग्राहकांसाठी असल्याचे वेष्टनावर स्पष्ट छापलेल्या तपशीलवार प्रतिकृती खेळण्यांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामागचे कारण सरळ आहे. या इंजिनांवरचे कठडे, शिड्या आणि नळ्या इतक्या नाजूक असतात, की लहान मुलाच्या हातात त्या तुटतील आणि तोंडात गेल्या तर धोका होईल. म्हणजे ज्या खोक्यावर ते लहान मुलांसाठी नसल्याचे छापलेले असते, तेच खोके हातात घेऊन लोक विचारतात, “मुलासाठी घेतलं का?”

अर्थात हा प्रश्न आकाशातून पडलेला नाही. मॉडेल रेल्वेचा जन्म खेळण्यांच्या कारखान्यातच झाला. १८५९ साली स्थापन झालेल्या मेर्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची रेल्वे मांडली. रुळांची मापे ठरवून दिल्यामुळे ती टप्प्याटप्प्याने वाढवता येण्याजोगी होती आणि पुढच्या सगळ्या व्यवसायाचा पाया तिथे घातला गेला. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कॉवेन यांनी १९०० साली लायोनेल कंपनी काढली. त्यांची पहिली विजेवरची गाडी तर दुकानाच्या काचेत गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी केलेली वस्तू होती. लोकांनी ती गाडीच विकत मागितल्यावर तिचे खेळणे झाले. मेकॅनो या धातूच्या पट्ट्यांच्या जोडखेळाचे जनक फ्रँक हॉर्नबी यांनी ब्रिटनमध्ये १९२० साली आपल्या नावाच्या गाड्या बाजारात आणल्या. या सगळ्यांचा खरा ग्राहक पैसे मोजणारा बाप होता आणि जाहिरातीतला नायक मुलगा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बाप आणि मुलगा गाडीभोवती बसले आहेत, हे चित्र जाहिरातींनी इतके गिरवले, की ते त्या पिढीच्या बालपणाचे अधिकृत चित्र होऊन बसले. त्या चित्रात मुली नव्हत्या. लायोनेलने १९५७ साली मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिकट रंगांचे डबे असलेली गाडी काढली आणि ती साफ आपटली. वयाचा शिक्का आणि लिंगाचा शिक्का एकाच कारखान्यातून बाहेर पडले होते, हे या एका गाडीवरून कळते.

पण याच काळात एक दुसरी धाराही वाहत होती आणि ती मुख्यतः प्रौढांची होती. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथील बॅसेट-लोक ही कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून जाणकार प्रौढ ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून अचूक प्रतिकृती विकत होती. लंडनमधील मॉडेल रेल्वे क्लब १९१० साली स्थापन झाला. तो या प्रकारचा जगातील सर्वात जुना क्लब मानला जातो. अमेरिकेत १९३४ साली या छंदाला वाहिलेले मासिक निघाले आणि १९३५ साली राष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती मुख्यतः यासाठी की वेगवेगळ्या उत्पादकांची चाके, रूळ आणि जोडण्या एकमेकांशी जुळाव्यात. चाकाच्या कडेची जाडी किती असावी यावर समित्या नेमून वाद घालणारे लोक लहान मुले नव्हते, हे सांगायला नकोच. तेव्हा हा मुलांचा खेळ होता आणि नंतर मोठ्यांनी तो बळकावला, अशी जी हकिकत सांगितली जाते ती अर्धवट आहे. दोन्ही धारा सुरुवातीपासून समांतर वाहत होत्या. खेळण्यांच्या धारेला जाहिरातींचे बळ होते, म्हणून लोकांच्या नजरेत तीच भरली.

मोठ्यांनी खेळू नये असे मुळात का वाटते? शिकागो विद्यापीठातील बर्निस न्यूगार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात वयाच्या सामाजिक नियमांवर काम केले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की प्रत्येक समाजाच्या मनात एक घड्याळ चालू असते. शिक्षण कधी संपावे, लग्न कधी व्हावे, निवृत्ती कधी घ्यावी, याच्या अलिखित वेळा ठरलेल्या असतात, आणि जो या वेळा चुकवतो त्याला टोमणे, थट्टा किंवा काळजीचा सूर सहन करावा लागतो. हे नियम कुठे लिहिलेले नसतात, तरी बहुतेकांना ते पाठ असतात. चाळिशीतल्या माणसाने छोटी रेल्वे बांधणे हे या घड्याळाप्रमाणे उशिरा केलेले काम ठरते. तोच माणूस महागडी मोटारसायकल घेऊन दर रविवारी निरुद्देश शंभर किलोमीटर फिरून आला, तर त्याला कुणी पोरकट म्हणत नाही. दोन्हींमध्ये पैसा खर्च होतो, दोन्हींमध्ये यंत्राची आवड आहे, दोन्हींतून पदरात काही पडत नाही. फरक इतकाच, की मोटारसायकल लहानपणी खेळलेल्या वस्तूसारखी दिसत नाही आणि रस्त्यावर चारचौघांना मिरवून दाखवता येते. माझ्या मते या थट्टेचे मूळ छंदाच्या बालिशपणात नसून त्याच्या खासगीपणात आहे. दार लावून, कुणाला न दाखवता, बक्षीस किंवा प्रतिष्ठा यांपैकी काही मिळत नसताना केलेला उद्योग लोकांना कोड्यात टाकतो, आणि कोड्याला सगळ्यात सोपे उत्तर म्हणजे थट्टा.

रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ साली गंभीर फावल्या वेळाची संकल्पना मांडली. दूरदर्शनसमोर बसणे किंवा डुलकी काढणे हा एक प्रकारचा फावला वेळ. पण ज्यात वर्षानुवर्षे चिकाटी लागते, विशेष ज्ञान मिळवावे लागते, कौशल्य पायरीपायरीने वाढते आणि माणसाची ओळख त्या उद्योगाशी जोडली जाते, तो वेगळा प्रकार. मॉडेल रेल्वे या दुसऱ्या प्रकाराचे चोख उदाहरण आहे. तिच्यात सुतारकाम आहे, विद्युतजोडणी आहे, रंगकाम आहे, इतिहासाचे वाचन आहे आणि वाहतुकीचे नियोजनही आहे. एकेका विषयात रस असलेला माणूस यांपैकी कुठल्याही दाराने आत येऊ शकतो.

आता दुसऱ्या शिक्क्याकडे, म्हणजे म्हाताऱ्यांचा छंद या समजाकडे वळू. हा समज पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण त्याला डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे. युरोप-अमेरिकेतील एखाद्या प्रदर्शनात गेले तर पांढऱ्या केसांची माणसे मोठ्या संख्येने दिसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो त्यातून काढायच्या निष्कर्षाचा. लोकसंख्येचा अभ्यास करणारे इथे तीन गोष्टींची फारकत करतात. एक, वयाचा परिणाम: म्हणजे माणूस कोणत्याही काळात जन्मलेला असो, विशिष्ट वयात पोहोचल्यावर त्याच्यात होणारा बदल. दोन, पिढीचा परिणाम: म्हणजे विशिष्ट वर्षांत जन्मलेल्या लोकांनी एकत्र अनुभवलेल्या गोष्टींचा आयुष्यभर टिकणारा ठसा. तीन, काळाचा परिणाम: म्हणजे सगळ्या वयांच्या लोकांवर एकाच वेळी येणारी घटना, जसे युद्ध किंवा साथीचा रोग. प्रदर्शनातल्या पांढऱ्या केसांमागे यांपैकी काय आहे, हे नुसते पाहून कळत नाही.

पिढीचा परिणाम ब्रिटनमध्ये स्पष्ट दिसतो. इयन ॲलन हा सदर्न रेल्वेतला विशीतला कारकून. त्याने १९४२ साली इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली आणि त्यानंतरची दोन-अडीच दशके हजारो शाळकरी मुले फलाटाच्या टोकाला वही-पेन्सिल घेऊन उभी राहू लागली. तोट्यातले मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो स्थानके आणि फाटे बंद झाले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची नियमित प्रवासी वाहतूक इतिहासजमा झाली. आपल्या डोळ्यांदेखत एक संपूर्ण जग मोडले जात असताना ही मुले दहा ते वीस वर्षांची होती. त्याच वर्षांत विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या होत्या. पुढे हातात पैसा आणि वेळ आल्यावर याच मुलांनी १९५० च्या दशकातला आपल्या गावचा फाटा पुन्हा उभारला, यात म्हातारचळ शोधण्यापेक्षा एका पिढीने आपला गमावलेला परिसर जपून ठेवला असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

पण केवळ पिढीच कारणीभूत असती, तर ती पिढी सरताना छंदही सरला असता. इथे वयाचा परिणाम पुढे येतो. मॉडेल रेल्वेला तीन गोष्टी लागतात: कायमची जागा, हाताशी राहणारा पैसा आणि सलग वेळ. पंचविशीतला माणूस भाड्याच्या खोलीत राहतो, घर बदलतो, नोकरी बदलतो. तिशीत मुले लहान असतात आणि रिकाम्या खोलीत त्यांचा पाळणा येतो. म्हणून या छंदात अनेकांचा प्रवास सारखाच दिसतो: लहानपणी गाडी, किशोरवयात ती खोक्यात बंद, आणि चाळिशी-पन्नाशीत तेच खोके पुन्हा उघडणे. या मधल्या खंडामुळे छंद सोडला असे वाटते, पण बऱ्याच वेळा तो फक्त थांबलेला असतो.

यातून एक हिशेबी घोटाळा निर्माण होतो. दोन काल्पनिक क्लब घेऊ. पहिल्यात प्रत्येक सभासद पन्नासाव्या वर्षी येतो, पंचवीस वर्षे राहतो आणि पंच्याहत्तराव्या वर्षी निवृत्त होतो. सभासद शंभर धरले, तर दरवर्षी चार जातात आणि चार येतात. या क्लबाचे सरासरी वय आज साडेबासष्ट असेल, दहा वर्षांनी साडेबासष्ट असेल आणि पन्नास वर्षांनीही साडेबासष्टच असेल. दुसऱ्या क्लबात सगळे जण एकाच पाच-सहा वर्षांत जन्मलेले, नवे कुणी येत नाही. त्याचेही सरासरी वय आज साडेबासष्ट आहे, पण दरवर्षी ते एकाने वाढते आणि वीस-पंचवीस वर्षांत क्लबाला कुलूप लागते. आज दारातून डोकावणाऱ्या माणसाला दोन्ही क्लब सारखेच म्हातारे दिसतील. म्हणून नुसते सरासरी वय सांगून छंद मरतो आहे असे म्हणता येत नाही. ते वय गेल्या वीस वर्षांत किती हलले आणि दरवर्षी नवे किती जण आले, हे सांगावे लागते. वृत्तांतांत मात्र बहुधा पहिलाच आकडा येतो आणि तिथेच बातमी संपते.

शिवाय आपण कुठे पाहतो यावरही बरेच काही अवलंबून असते. क्लब आणि प्रदर्शने ही सवड असलेल्या, संस्थेत रमणाऱ्या लोकांची ठिकाणे आहेत. छंदातली तरुण मंडळी तिथे कमी दिसतात, कारण त्यांच्याकडे तेवढी सवड नसते आणि त्यांची देवाणघेवाण व्हिडिओ आणि संगणकाच्या पडद्यावर चालते. त्रिमितीय छपाई यंत्रावर डबा छापणारी किंवा स्वस्त सूक्ष्मनियंत्रक वापरून सिग्नल चालवणारी मुले क्लबाच्या वर्गणीच्या वहीत सापडणार नाहीत. जपानमध्ये तर चित्रच वेगळे आहे. तिथे लहान घरांना साजेसे ९ मिलिमीटरचे एन गेज सर्वाधिक रुळले, काटो आणि टोमिक्स या कंपन्या आज धावत असलेल्या गाड्यांच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर काढतात आणि घरात जागा नसलेल्यांना तासाच्या भाड्याने तयार लेआउटवर, म्हणजे उभारून ठेवलेल्या रूळमांडणीवर, आपली गाडी चालवण्याची सोय आहे. गतकाळाची हुरहुर हा या छंदाचा अविभाज्य भाग नाही, हे तिथे दिसते.

इतिहासात तर तरुणांचे याहून ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू केला. त्यातला एक गट देखाव्यात रमणारा होता आणि दुसरा, रूळ ज्या पटावर मांडतात त्याच्या खालच्या तारा, रिले (विजेने चालणारे खटके) आणि दूरध्वनी केंद्रातून आलेल्या जुन्या स्विचांच्या जाळ्यात. ही दुसरी मंडळी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रात्री-अपरात्री संस्थेच्या संगणकांकडे वळली आणि संगणकाच्या हॅकर संस्कृतीचा एक उगम तिथे मानला जातो. १९६२ च्या सुमाराचा ‘स्पेसवॉर’ हा सुरुवातीचा संगणकीय खेळ याच वर्तुळातून आला. मॉडेल रेल्वेचे पटाखालचे अर्धे शरीर लोकांना दिसत नाही, म्हणून तिच्यातले तंत्रज्ञानही दिसत नाही.

हे न दिसणे साचेबंद समजाच्या आणखी एका पैलूशी जोडलेले आहे. सुझन फिस्क, एमी कडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार आपण कोणत्याही समाजगटाला दोन प्रश्नांवर जोखतो: ही माणसे मायाळू आहेत का, आणि ती सक्षम आहेत का. वृद्धांच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिल्याचे उत्तर हो आणि दुसऱ्याचे नाही असे येते. माणूस गोड, पण त्याच्याकडून काही व्हायचे नाही. मॉडेल रेल्वेवरच्या लेखांतला आणि कार्यक्रमांतला सूर नेमका असाच असतो. आजोबा हसरे आहेत, टोपी घातली आहे, शिट्टी वाजवत आहेत. त्यांनी डीसीसी ही अंकीय नियंत्रणाची प्रणाली कशी बसवली, हे कुणी विचारत नाही. पूर्वी रुळातल्या विजेचा दाब कमी-अधिक करून वेग ठरवत, त्यामुळे एका तुकड्यावरची सगळी इंजिने एकदम हलायची. १९९० च्या दशकात रूढ झालेल्या डीसीसी पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच अंकीय आज्ञा पाठवल्या जातात. प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो फक्त आपल्या क्रमांकाची आज्ञा पाळतो; दिवा, आवाज, वेग वाढण्याची गती हे सगळे त्यात आकडे भरून ठरवता येते. सत्तरीतला माणूस हे करतो आणि त्याच सत्तरीतल्या माणसाला मोबाईल कळत नाही असे आपण गृहीत धरतो.

गायक रॉड स्टुअर्ट यांच्या बाबतीत ही गोष्ट जाहीरपणे घडली. त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ खपून १९४० च्या दशकातल्या अमेरिकी औद्योगिक शहराचा भव्य लेआउट उभारला. गाण्याच्या दौऱ्यावर असताना इमारती रंगवण्यासाठी ते हॉटेलात वेगळी खोली घेत. २०१९ साली ब्रिटनमधील एका मासिकाने तो छापला, तेव्हा बीबीसीच्या रेडिओवर त्यांनी हे स्वतः केले नसावे असा सूर निघाला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या स्टुअर्ट यांनी थेट कार्यक्रमात दूरध्वनी करून विद्युतजोडणी सोडता नव्वद टक्के काम आपल्या हातचे असल्याचे सुनावले. जर्मनीत बव्हेरियाचे मुख्यमंत्री आणि पुढे केंद्रीय गृहमंत्री झालेले होर्स्ट झीहोफर यांची तळघरातली रेल्वे हा पत्रकारांचा आवडता विषय होता. राजकारणावर लिहिताना टीकाकारही ती रेल्वे हमखास मध्ये आणत. एखाद्या मंत्र्याच्या गोल्फचा असा उपयोग क्वचितच होतो.

थट्टा निरुपद्रवी आहे, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. वयावरून होणाऱ्या भेदभावाला रॉबर्ट बटलर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६९ साली नाव दिले, आणि त्यानंतरच्या संशोधनात वारंवार दिसले आहे की असे समज बाहेरून आत झिरपतात. येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओहायोतील पन्नाशीपुढच्या लोकांपैकी स्वतःच्या वार्धक्याबद्दल चांगली भावना असलेले लोक सरासरीने साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले. त्यातून छोटी रेल्वे बांधा आणि दीर्घायुषी व्हा असा अर्थ कुणी काढू नये. संबंध दिसला, एवढेच. आपल्याबद्दल जग काय म्हणते ते माणूस लहानपणापासून ऐकत असतो आणि म्हातारपणी तेच स्वतःला लावून घेतो, ही लेव्ही यांची मांडणी मात्र इथे उपयोगी पडते. साठीतल्या माणसाला आपला छंद म्हणजे वेळ घालवणे वाटू लागते. विशीतला माणूस तोच छंद मित्रांपासून लपवतो. मग तरुण दिसत नाहीत, म्हणून हा तरुणांचा छंद नाही असे ठरते, आणि तसे ठरल्यामुळे ते आणखी दिसेनासे होतात. उत्पादकही दिसणाऱ्या ग्राहकाच्याच मागे जातात: कोणत्या काळातले इंजिन काढायचे, किती किमतीचे काढायचे, जाहिरातीत कुणाचा चेहरा दाखवायचा, हे सगळे त्याच समजावर बेतले जाते.

यातली खरी काळजी झाकून ठेवण्यात शहाणपणा नाही. इंजिने महाग झाली आहेत, घरे लहान झाली आहेत, क्लबाची चिटणीसकी आणि प्रदर्शनाची उस्तवारी करायला माणसे मिळणे कठीण झाले आहे. पण प्रत्येक पडझडीला वयाचे कारण चिकटवण्याची सवय मात्र चुकीची आहे. मेर्कलिनने २००९ साली, आपल्या दीडशेव्या वर्षीच, दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा छंदाचे मृत्युलेख लिहिले गेले. प्रत्यक्षात बँकांशी कर्जाची बोलणी फिसकटली होती, आणि कंपनी पुढे सावरून २०१३ साली सिम्बा डिकी या खेळणी समूहाकडे गेली. ब्रिटनमधील १९४६ पासूनचे हॅटन्स हे मोठे दुकान २०२४ च्या जानेवारीत बंद होत असल्याचे जाहीर झाल्यावरही तोच सूर लागला. त्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी, २०२२ मध्ये, हॉर्नबीने १:१२० या मापाची नवी मालिका कमी जागेत मावेल आणि नवख्यांना परवडेल अशा बेताने आणली होती. ती बातमी तितकी गाजली नाही.

लोकांना विचारले तर ते काय सांगतात आणि प्रत्यक्षात कुठे जातात, यांत किती अंतर असू शकते, याचा दाखला हॅम्बुर्गमध्ये आहे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे जुळे भाऊ तिशीत होते आणि डिस्को चालवत होते. छोट्या रेल्वेचे विश्व उभारण्याची कल्पना त्यांच्यापैकी एकाला २००० साली झुरिकमधल्या एका मॉडेल रेल्वेच्या दुकानात सुचली. त्यांनी आधी लोकांचा कौल घेतला. शहरातील खऱ्या आणि काल्पनिक आकर्षणांच्या यादीत पुरुषांनी या कल्पनेला तिसऱ्या क्रमांकावर ठेवले आणि स्त्रियांनी अगदी शेवटी. तरीही २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनिआटुर वुंडरलँड उघडले. आज वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक तिथे येतात, त्यांत बायका, पुरुष, मुले, आजी-आजोबा सगळे असतात. जोड इतकीच दिली होती, की रुळांच्या भोवती चालते-बोलते जग उभे केले: आग विझवायला धावणारे बंब, २०११ पासून उड्डाण घेणारी विमाने, इमारतींच्या खिडक्यांत घडणारे बारीकसारीक प्रसंग. यादीत शेवटचा क्रमांक देणाऱ्या स्त्रियांच्या मनात बहुधा तळघरातला एकटा माणूस होता. प्रत्यक्ष वस्तू समोर आल्यावर ते चित्र आड आले नाही.

ब्रिटनमधल्या प्रदर्शनांत आता आणखी एक बदल जाणवतो. वाफेच्या फाट्यांच्या शेजारी निळ्या-करड्या रंगातल्या डिझेल गाड्यांचे, १९७६ साली धावू लागलेल्या इंटरसिटी १२५ या वेगवान डिझेल गाडीचे आणि १९९० च्या दशकातील खासगीकरणानंतरच्या रंगीबेरंगी डब्यांचे लेआउट वाढले आहेत. ते बांधणाऱ्यांना वाफेच्या मुख्य मार्गांची आठवण असणे शक्यच नाही. जतन केलेल्या मार्गांवर वाफेचे इंजिन पाहिले असेल तेवढेच. पहिल्या पिढीला या गाड्या कुरूप वाटत होत्या आणि त्यांची प्रतिकृती कुणी हौसेने करील यावर तिचा विश्वास बसला नसता. छंद फक्त एका पिढीच्या आठवणींवर जगत असता, तर त्याच्या प्रदर्शनात ही डिझेल इंजिने आलीच नसती.